शुक्रवारची किल्ली

चंद्रपुरात असताना मी कित्येक तपास केले. मनातून जात नाही तो एका किल्लीचा.

गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघत होती, तेव्हाची गोष्ट. एका मुख्याध्यापिकेला ई-मेलवर जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. खबऱ्या म्हणाला, "साहेब, बाजारातल्या इंटरनेटवाल्याच्या दुकानातून मेल जाऊन राह्यले." दुकानदार तरुण, मुसलमान. त्याला ठाण्यात बोलावल्याबरोबर गिऱ्हाइकं तुटली. गावाला निकाल द्यायला न्यायाधीश लागत नाही.

त्याचं एकच म्हणणं. "जुम्म्याले दुपारी शटर बंद असते साहेब, मी नमाजले जातो." धमक्या नेमक्या शुक्रवारी दुपारच्या होत्या. मग मशीन कोण चालवतं, असं विचारलं की तो खाली बघायचा. वरिष्ठ म्हणत, अटक करा आणि मोकळे व्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं मला जमेना. खोटारडा काहीतरी उत्तर देतो. हा गप्प बसत होता.

मेल निघताक्षणी कळायला हवा होता. रीतसर परवानगी काढून टेलिफोन केंद्रातल्या फायबरवर टॅप बसवला. काचेच्या तारेतला थोडा प्रकाश आमच्या यंत्राकडे वळतो, बाकीचा आपल्या वाटेने जातो. कुणाला पत्ता लागत नाही. तेव्हा मेल उघडेच जात, वाचता येत.

शुक्रवारी दुकानदार मशिदीत होता, बाहेर माझा हवालदार. केंद्रातून फोन आला, "साहेब, मेल निघाला." मी बाजारातच होतो. शटर उचललं. आत शेजारचा शिंपी, गळ्यात मापाची पट्टी, बाजूला लाल चिंधी बांधलेली दुकानाची किल्ली.

तो रडायलाच लागला. "त्या बाईनं पोरीले दहावीच्या परीक्षेले बसू नाई देल्लं साहेब. वर्ष गेलं तिचं. मेल धाडाले या दुकानवाल्यानंच शिकवलं मले."

दया आली, तरी गुन्हा नोंदवला. भीतीने त्या मुख्याध्यापिका घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या.

दुकानदाराला विचारलं, "किल्ली शिंप्याकडे ठेवून जातोस, हे का नाही सांगितलंस?"

"अब्बांच्या मयतीत पहिला खांदा त्यानं देल्ला साहेब. नुसत्या शकवर त्याचं नाव कसं घेऊ?"

टॅपमुळे एक निरपराध माणूस तुरुंगापासून वाचला, हे खरंच. पण तारेतून जातं तेवढंच टॅपला कळतं. त्यानंतर गप्प बसणाऱ्याला गुन्हेगार ठरवायची घाई मी कधी केली नाही.

पुढे एका शुक्रवारी त्या बाजारातून गेलो. इंटरनेटचं शटर खाली होतं. शिंप्याच्या दुकानात त्याची मुलगी दहावीचं पुस्तक वाचत बसली होती. तिच्या ओढणीच्या टोकाला लाल चिंधीची ती किल्ली होती.