अंगठा देणार नाही

"हात उचल," मोठा डॉक्टर म्हणाला. सत्तरीच्या माणसाला, उचल. हात उचलेना. मागे पाच-सहा शिकाऊ पोरं उभी. त्यांच्याकडे वळून म्हणाला, "पाहिलंत? नाटकं. ही माणसं प्रयत्नच करत नाहीत. आयतं पडून राहायचं."

पोरं हसली. माझी लुंगी सरकलेली. तीही मला ओढता येईना. सुनेनं मान वळवून ती सावरली. किळस आली मला. डॉक्टरची, आणि माझ्या त्या मेल्या हाताचीही.

मी खाडीकाठच्या करावे गावचा. जन्मभर याच हातांनी खाडीत होडी ओढली. खडकावरची कालवं काढताना पाय कापला, पिकला, जंतू रक्तात गेले. पंधरा दिवस श्वासाच्या मशीनवर. शुद्धीवर आलो तर मांड्यांचं मांस गेलेलं, कातडी लोंबत होती. चमचा धरवेना. वाटलं, डॉक्टर म्हणतो तेच खरं, मीच कच खाल्ली. आठ दिवस मी ते मानलं. याचीच जास्त चीड येते.

व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका, नाटक नाही हे. एवढा संसर्ग झाला, वर मशीनवर पडून राहिलं, की अंगातलं मांस झिजतं. पैलवान असला तरी."

म्हणजे मोठ्या डॉक्टरला हे ठाऊक होतं. ठाऊक असून बोलला.

घरी सोडायच्या दिवशी कारकून कागद घेऊन आला. सुनेला म्हटलं, वाच. "रुग्ण व्यायामास सहकार्य करत नाही, पुढील व्यायाम बंद." कारकुनानं माझा अंगठा धरून शाईच्या डबीकडे ओढला.

"मला सही येते."

"पेन धरता येतं का, आजोबा? द्या अंगठा, बेड खाली करायचाय."

माझ्या बापानं असाच न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला होता. शेत गेलं, त्यावर आता टॉवर आहेत. म्हणून तर दुसरीत शाळा सुटली तरी मी सही गिरवून गिरवून शिकलो.

अंगठा मुठीत घेतला. मूठ कसली, मेल्या चिंबोरीच्या नांग्या. एका बोटानं उघडली असती त्यानं.

"नाय देनार. लिवलंय ते खोटं हाय."

त्यानं डबी बंद केली.

कागदावर सहीची जागा कोरीच आहे. घरी आता मी भिंत धरून संडासापर्यंत जातो. सून बोटांना पेन्सिल बांधते. सही अजून वाकडी येते. सरळ आली की त्या वॉर्डात जाणार, त्याच पोरांसमोर. आधी तो मोठा डॉक्टर ते वाक्य खोडेल. मग मी सही करीन.