आडवी दोन बोटं

माझ्या थोरल्या भावाला बाजारात सगळे काटा म्हणतात. तराजूचा असतो तो काटा. नाव कसं पडलं ते सांगतेच, पण आधी एक सांगून टाकते. हा काटा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजत चालला होता आणि ते ना मला कळलं, ना दुकानात येणाऱ्या जगभरच्या भोचक लोकांना. कळलं ते एका रबरी रिंगमुळे. त्याचा राग मला अजून येतो, आणि नक्की कोणावर येतो ते ठरत नाही.

आमचं दुकान सायकल-दुरुस्तीचं. म्हणजे शाळकरी पोरांच्या सायकली नव्हेत, डोंगरात दगडधोंड्यांवरून पिटाळायच्या जाड टायरच्या. एकच लांबोळकी खोली, दाराला घंटा. पुढच्या टेबलाशी मी, मागे दादा आणि त्याची हत्यारं. वर दोन खोल्या, तिथे दादा आणि वहिनी राहतात. मी बोलायचं आणि त्यानं काम करायचं अशी वाटणी आहे. त्याला बोलायला लावलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, आणि माझ्या हातात पाना दिला तर सायकल परत येते.

या सायकलींचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसवलेलं असतं त्याला फोर्क म्हणतात. त्याच्या आत हवा भरलेली असते. खड्डा आला की फोर्क दबतो, पुन्हा वर येतो, आणि धक्का हातापर्यंत पोचत नाही. पण हवा किती भरायची ते बसणाऱ्याच्या वजनावर असतं. जड माणसाला हवा कमी पडली तर उतारावर फोर्क पार तळाला बसतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. हलक्या माणसाला जास्त झाली तर फोर्क हलायलाच तयार होत नाही, बिचाऱ्याची मनगटं खिळखिळी होतात. हे जुळवायला फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते. माणूस बसला की फोर्क दबतो आणि रिंग वर सरकते. माणूस उतरला की रिंग तिथेच राहते. नळीच्या तळापासून रिंगपर्यंत किती जागा झाली ते बघायचं. दादा ती बोटांनी मोजतो. मध्ये आडवी दोन बोटं बसली की काम झालं.

खरं तर ज्याची सायकल त्यानंच बसायला हवं. दादाला ते कधी पटलं नाही. "लोक नीट बसतच नाहीत," म्हणायचा. कोणी पोट आत ओढतं, कोणी भिंतीला टेकतं, कोणी एक पाय जमिनीवर ठेवून "बसलो" म्हणतं. वजन विचारावं तर लग्नातलं सांगतात. म्हणून तो स्वतः बसायचा. पाठीवर भरलेली पिशवी, पायात जाडे बूट, तोंडावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. आधी स्वतःला दोन बोटं बसतील इतकी हवा जुळवायची. मग गिऱ्हाईक आपल्यापेक्षा किती जड किंवा हलकं, त्या हिशेबानं पंप जास्त नाहीतर कमी. नेहमीची माणसं त्याला पाठ होती. "बेकरीवाला माझ्या वर सहा पंप. शाळेतल्या बाई माझ्या खाली पाच." पंपाला दाब दाखवणारी तबकडी आहे, तिच्याकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. "तबकडी बिघडते," म्हणायचा. "मी कुठे बिघडतोय?"

म्हणून काटा. आणि खरंच सांगते, वर्षानुवर्षं एक फोर्क चुकला नाही. लांबून लांबून लोक यायचे.

मग वहिनीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. त्यांना मूलबाळ नाही. एक बाई ठेवून पाहिली, तिनं वहिनीला ओझं उचलावं तसं उचललं आणि दादानं तिला त्याच दिवशी नमस्कार केला. तेव्हापासून सगळं तो एकटा करायचा. उठवणं, आंघोळ, कपडे, कूस बदलणं, भरवणं. दुकानात काम करता करता वरून वहिनीच्या काठीचा आवाज आला की हातातलं टाकून जिना चढायचा. खाली यायचा तेव्हा हात धुतलेले आणि डोळे कुठेतरी भलतीकडे. मी म्हणायचे, मी जाते वर. तो म्हणायचा, "तिला लाज वाटते." आणि विषय तिथेच मिटायचा. आमच्या घरात विषय मिटवण्यात त्याचा हात कोणी धरला नाही.

दारात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "वहिनी कशा आहेत?" मीही सकाळी आल्या आल्या तेच विचारायचे. तो "आहे" म्हणायचा आणि पान्याकडे हात न्यायचा.

पहिल्यांदा शाळेतल्या बाई आल्या. फोर्क फार खाली जातो म्हणाल्या. दादानं फोर्क उघडून हवा अडवणारी आतली सगळी सीलं बदलली, स्वतः बसला, बोटं लावली, पंप कमी केले आणि सायकल दिली. पुन्हा बाई आल्या, तीच तक्रार. मग आणखी एक जण आला, मग आणखी एक. दादा फोर्क पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचा. एक बुडबुडा नाही. "हवा जाते कुठे?" हेच घोकत बसायचा. मी चिडून म्हणाले, "तुझं लक्ष नाही कामात." त्यानं पुढचा फोर्क पाण्यात बुडवला.

आणि मग बेकरीवाला हात गळ्यात बांधून आला. दगडाच्या उतारावर फोर्क तळाला बसला आणि हा सायकलच्या आधी खाली पोचला. मनगट मोडलं. ज्या हातानं कणीक मळतो, तोच हात. माणूस चांगला, भांडला नाही. नुसता म्हणाला, "काटा, काहीतरी चुकतंय तुझं." भांडला असता तर बरं झालं असतं. दादाचं तोंड एवढंसं झालं. बाजारात कुजबुज होतीच, ती आता मोठ्यानं सुरू झाली. घरात दुखणं आहे, माणसाचा हात बिघडला, आता सायकल दुसरीकडे द्यावी.

बेकरीवाल्याची सायकल परत स्टँडवर चढली. त्या दिवशी दादाला पंपाचं टोक फोर्कच्या तोंडाशी नीट धरता येईना. "धर गं जरा," म्हणाला. मी पंप धरला, तो पिशवी चढवून सायकलवर बसला. बसायचं, उतरायचं, बोटं लावायची, मी थोडी हवा सोडायची, पुन्हा बसायचं. शेवटी "हां, बसली दोन बोटं" म्हणाला. माझं लक्ष तबकडीवर गेलं. त्याचं नसतं, पण माझं असतं. रिकाम्या डोळ्यांना काहीतरी बघायला लागतं. पूर्वी असे पंप मी कितीदा धरले होते. या जातीच्या फोर्कवर त्याची दोन बोटं बसली की तबकडीची सुई सरळ उभी असायची. आता ती चांगलीच डावीकडे कलली होती.

"तबकडी बिघडली," मी म्हणाले.

"मी काय सांगत होतो?"

कपाटात नवा कोरा पंप होता. तो आणून लावला. त्याचीही सुई तेवढीच डावीकडे. दोन पंप ठरवून एकाच मापानं बिघडत नाहीत. मी वर बघितलं. दादा सायकलला धरून उभा होता, दम खात. अंगात तोच निळा एप्रन. त्याची नाडी पूर्वी मागे कशीबशी बांधली जायची. आता कमरेला पुरा वेढा देऊन गाठ पुढे, पोटावर आली होती. ती गाठ मी रोज बघत होते. मला वाटायचं, नाडी ताणली असेल.

मी सुई सरळ उभी राहीपर्यंत हवा भरली आणि म्हणाले, "आता बस."

"कशाला?"

"दादा, बस."

तो बसला, उतरला. बोट लावलं. एकच बसलं, तेही जेमतेम. आणि बोटंही आता पूर्वीची कुठे राहिली होती? तो म्हणाला, "फोर्क घट्ट झालाय." मग मी त्याच्या पाठीवरची पिशवी काढून घेतली, स्वतःच्या पाठीवर टाकली आणि त्याच सायकलवर बसले. माझं वजन कित्येक वर्षं हललेलं नाही, माझ्याबद्दल तेवढी एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते. उतरले. रिंग त्याच्या खुणेच्या पुष्कळ वर जाऊन थांबली होती.

लहानपणी बागेतल्या सी-सॉवर मी कायम वर लटकलेली असायचे आणि हा खाली बसून हसायचा. मला खाली यायचं असलं तर त्याच्या विनवण्या कराव्या लागायच्या. चिमणी म्हणायचा मला. त्या रिंगकडे बघताना मला तेच आठवलं. आता मी खाली होते आणि हा वर.

दादानं वाकून रिंग नीट पाहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. मग स्टुलावर बसला.

"म्हणजे हवा कुठे जात नव्हती," तो म्हणाला. "मीच कमी भरत होतो. सगळ्यांना मऊ करून दिले फोर्क. त्याचा हात मी मोडला."

"त्याचा हात जोडतील. तुझं काय?"

"माझं काय?"

"कधीपासून जेवला नाहीस धड?"

तो एप्रनच्या गाठीशी चाळा करत होता. "तिला भरवायला वेळ लागतो गं," म्हणाला. "घास अडकतो, थांबावं लागतं. तोवर माझं गार होतं. मग नको वाटतं. सकाळी खाऊ म्हणतो, सकाळी ती उठते." मग म्हणाला, "दमलोय मी." ते त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. टायरमध्ये काटा सापडल्यावर सांगावं, तसं सांगितलं.

मला रडू आलं. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून जिना चढून वर गेले.

वहिनी खिडकीशी उशांना टेकून बसलेली होती. तिचं बोलणं आता तुटक येतं, अर्ध्या तोंडातून. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "वहिनी, दादा फार वाळलाय." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच जन्माला आले होते.

"माहितेय," ती म्हणाली. "मला उचलतात ना… तेव्हा… हाडं टोचतात त्यांची."

"मग सांगितलं नाहीस?"

"सगळे… मलाच विचारतात… कशी आहेस." घास अडकल्यासारखी ती थांबली. "मी म्हणते… बरी आहे."

मी तिचा उजवा हात धरून बसून राहिले.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. रोग कुठला निघाला नाही. माणूस नुसता संपत चालला होता, एवढंच निघालं. सकाळसाठी एक दुसरी बाई मिळाली, हलक्या हाताची. वहिनीनंच तिला पसंत केलं. दुपारी वर मी जाते. वहिनीला लाज वाटते हे खोटं होतं, लाज दादाला वाटत होती, मदत घेण्याची. वहिनीला मी भरवते आणि समोरच्या खुर्चीवर दादानं तेवढ्या वेळात स्वतःचं ताट संपवायचं, असा नियम आहे. ताटाकडे वहिनी लक्ष ठेवते. उरलं तर काठी आपटते.

ज्यांचे ज्यांचे फोर्क केले होते त्यांना मी निरोप धाडले. प्रत्येक जण आला, स्वतः सायकलवर बसला, कोणी पोट आत घेतलं, कोणी भिंतीला टेकलं, आणि दादानं न कुरकुरता बोटं लावली. बेकरीवाला हाताला प्लास्टर असतानाच आला. त्याला खरं कारण मी सांगितलं. त्यानं दादाकडे बघितलं, आणि "वहिनी कशा आहेत" असं विचारायला उघडलेलं तोंड मिटून म्हणाला, "तू जेवलास का रे?" दादा एकदम आत गेला. काहीतरी शोधायला गेला म्हणे.

त्याची स्वतःची सायकल दुकानाच्या भिंतीवर खूप दिवस नुसती टांगलेली होती. एकदा त्यानं ती खाली घेतली, पुसली आणि तिच्या त्याच जातीच्या फोर्कला पंप लावला. सुई सरळ उभी होईपर्यंत हवा भरली, बसला, उतरला, रिंगकडे पाहिलं. एक बोट. मग आताच्या वजनाला जुळवून घ्यावं म्हणून हवा सोडायला पंपाच्या बटणावर अंगठा टेकवला.

मी उठून त्याच्या हातातला पंप काढून घेतला.

"हवा काढायची नाही," मी म्हणाले. "फोर्क आहे तिथेच राहणार. तू ये दोन बोटांपर्यंत."

तो हसला नाही, चिडलाही नाही. थकलेल्या माणसानं मान हलवावी तशी हलवली. सायकल तेव्हापासून माझ्या टेबलाला टेकवून ठेवलेली आहे, आणि हवा उतरली की सुई बघून मीच भरते. मनात आलं की तो येऊन तिच्यावर बसतो आणि मुकाट्यानं उतरतो. बोटं मी लावते, त्याच्या बोटांवर माझा अजून भरवसा नाही.

काल बसला होता. एक बोट बसलं आणि दुसऱ्याचं नख. वर काठी वाजली, जेवायची वेळ झाली होती, आणि आम्ही दोघं जिना चढायला लागलो.