चहा संपेपर्यंत

जुना ट्रॅक्टर विकणाऱ्या काकांनी त्याचा नांगर वर उचलून दाखवला, इंजिन बंद केलं आणि आम्हाला चहाला बसवलं. मी बशीत चहा ओतला तेव्हा नांगर हवेत होता. कप रिकामा झाला तेव्हा फाळ मातीला टेकले होते. खाली येताना मात्र तो कुणालाच दिसला नाही.

"नांगर उचलणारं हायड्रॉलिक जरा उतरतं," काका म्हणाले. "म्हातारं झालंय, माझ्यासारखं. पण इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही."

धाकटा भाऊ हसला. "दादा, घेऊन टाकू. फाळ बदलताना खाली दगड लावीन की."

आमच्या घरात व्यवहार मी ठरवतो आणि नांगराखाली तो शिरतो. असं हळूहळू उतरणारं आणखी काय काय मी त्याच्या डोक्यावर टांगून ठेवलं असेल? तो कधी कुरकुरला नाही, म्हणून मला ते जागच्या जागी आहे असंच वाटत राहिलं.

काकांनी इंजिन सुरू करून नांगर पुन्हा उचलला. भाऊ लगेच फाळ बघायला वाकून खाली शिरला.

"मग काय ठरलं?" काकांनी मला विचारलं.

"आधी तू बाहेर ये," मी भावाला म्हणालो.