गल्लीपुरता पाऊस

वैशाखात दुपारी सारं गाव सावलीला पडलेलं असताना आमचे शामराव मामा अंगणात उभे राहून आभाळ बघत. घाटंजीजवळच्या त्या गावाचे ते कोतवाल. तलाठी कार्यालयामागच्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी तेच मोजत. "उन्हाळ्यातला ढग जिल्ह्याचा नसते बाप्पा, गल्लीचा असते," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी भाव पडला म्हणून मामांचा सगळा कापूस मधल्या खोलीत पडून होता. त्यातल्या किड्यांनी पोरं अंग खाजवून बेजार. मी सुट्टीवर आलेला शिकलेला भाचा. हवामान कोरडं राहील असं रेडिओनं सांगितलं होतं. कापसाला ऊन दाखवू, म्हणून मीच तो अंगणात काढायला लावला.

मामांनी नाल्यावरच्या ढगाकडे बोट दाखवलं. "मंघाशी गोबीच्या फुलाएवढा होता. आता वर चढून डोकं ऐरणीवानी चपटं झालं. गरम हवा वर जाते, गार होते, अन् मंग धपकन खाली येते. भर कापूस आत."

"मामा, रेडिओ म्हणतो..."

"रेडिओ नागपुरात बसते. ढग इथं आहे."

मी हसलो. वारा पडला. मग गार वाऱ्याचा लोट आला आणि पंधरा मिनिटं गारा कोसळल्या. रेडिओ घरात होता, तेवढा कोरडा राहिला.

सकाळी मामांनी मापक उघडलं तर कोरडं ठणठणीत! आमची आळी झोडपून पाऊस नाल्याअलीकडेच संपला होता, कार्यालय पलीकडे. मापकात पाऊस नाही तर भरपाई नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मी चूक निस्तरायला लोटाभर पाणी घेऊन हजर.

"ओता मामा. कुणाला कळतंय?"

"मले," मामा म्हणाले आणि शून्य लिहिलं.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शून्य? मग हा कापूस भिजला कशानं?"

"पावसानंच, साहेब. पण तो सरकारी भांड्यात नाही, माह्या घरी पडला."

भरपाई आली नाही. मामी कडाडली, "एक लोटा ओतला असता तं हात झडले असते काय तुमचे?"

"जूनमंदी लोकं माह्या आकड्यावर पेरतेत. आता खोटं लिहिलं, तं तवा माह्यं कोण मानन?"

मामी पिवळ्या पडलेल्या कापसातली सरकी हातानं काढत बसली. हिवाळ्यात तिनं त्याची गादी शिवून मला पाठवली. सोबत निरोप: "ज्यानं वाळू घातला, त्यानंच त्याच्यावर झोपावं."

मामांना जाऊन सात वर्षं झाली. गादी अजून आहे. खरं तर टोचायला हवी. पण झोप फार छान लागते.