दगडाच्या पोटातला प्रवास

शेजारची मुक्ता लघुग्रहांवर संशोधन करायला परदेशी निघाली होती. बॅगा दाराशी ठेवून ती मला समजावत होती, की पुढे माणसं लघुग्रह पोखरून त्यांच्या पोटात राहतील आणि त्यातूनच प्रवास करतील. वर दगडाचं जाड कवच असल्यावर अंतराळातल्या घातक किरणांची भीती नाही, आणि दगड मुळात सूर्याभोवती फिरतच असतो, त्यामुळे इंधनही कमी लागेल.

"म्हणजे एवढी प्रगती करून माणूस पुन्हा गुहेतच," मी म्हणालो.

"पण काका, ही गुहा चालते!"

तिची आई वाटीत दही घेऊन आली. निघणाऱ्याच्या हातावर दही घातलं की तो सुखरूप परततो, असं आमच्याकडे मानतात.

"तो दगड परत कधी येतो गं?" तिनं विचारलं.

"येतो ना, आई. फेरी पूर्ण झाली की."

"म्हणजे कधी?"

"काही वर्षांनी."

अंतराळाच्या भव्य योजनांत निघण्याचंच वर्णन असतं. परतीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आईनं मुक्ताच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं. मुक्तानं ते चाटलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मीच म्हणालो, "वहिनी, आणखी एक चमचा घाला."