सुकलूला न पटलेलं उत्तर

तालुक्याच्या गावी, मूलला जाणारी एसटी आली की सुकलू आधी पाटी वाचायचा, मग कंडक्टरला विचारायचा, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईलाही. "बाई, हे मूललेच जाते ना?" एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, आता इंजिनले बी इचारून घ्या." सगळी बस हसली. सुकलू मात्र मूल येईपर्यंत खिडकीतून रस्ता तपासत बसला.

सुकलूच्या गावच्या शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलो. सुकलूचा मुलगा सोनू माझ्या वर्गात होता. पोरगा घरून निघाला की दहा मिनिटांनी बाप मागून येऊन खिडकीत उभा राहायचा. "आहे तो, सुकलूभाऊ, दुसऱ्या रांगेत," असं मी सांगितलं तरी स्वतः पाहिल्याशिवाय जायचा नाही. गाव त्याला शक्की म्हणायचं. पण शाळेचं छत गळायला लागलं तेव्हा न बोलावता कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला तोच एकटा आला होता.

तो मुळात असा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी माघात गावातली माणसं नेहमीप्रमाणे तेलंगणाकडे मिरची तोडायला गेली. सुकलू आणि त्याची बायको गोकुळा, दोघंही गेली. सोनू तेव्हा अंगावर पीत होता, त्याला सोबत नेलं. पाच वर्षांची रंजीता मोठ्या भावाकडे, पोचूकडे, ठेवली. काळजीचं कारण नव्हतं. दोघा भावांची घरं एकाच आवारात होती, आणि रंजीता तशीही जेवायची पोचूच्याच ताटात.

महिनाभरानं तिला ताप आला. सुकलूनं मुकादमाच्या मोबाईलवरून फोन केला तेव्हा पोचू म्हणाला, "ताप उतरला. आंगनात खेळून राह्यली. तुमी काम पुरं करा." तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

हे दोघं पोचले तोवर तिला माती देऊन झाली होती. सुकलू रडला नाही. भावाला त्यानं एवढंच विचारलं, "तिनं मले आवाज देल्ला का?"

"नाई," पोचू म्हणाला. "झोपेतच गेली."

"खेळून राह्यली होती म्हने," सुकलू म्हणाला. त्यानंतर तो भावाशी बोलला नाही.

आवारात मधोमध कुंपण आलं. सुकलू तलावाच्या सामाईक जाळ्यातूनही बाहेर पडला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडे ढिवरांची सगळी घरं मिळून मोठं जाळं ओढतात. मासळीचे सारखे वाटे तलावाच्या बांधावर, पाळीवर, पळसाच्या पानांवर मांडतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एखाद्या वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो, वाटा त्याचा. त्यावरून कधी भांडण होत नाही. पाठमोरा उभा राहण्याचा मान वर्षानुवर्षं पोचूचा होता. सुकलू म्हणायचा, "पाठमोरा मानूस पान्यात काय पाहून राह्यला, कोनाले मालूम?" आणि लहान जाळं घेऊन एकटाच नाल्यावर जायचा.

मी दोघांकडेही बसायचो. त्या पोरीचं नाव कोणीच काढत नसे. पण सुकलूच्या डोक्यात पंधरा वर्षं ती हाका मारत होती, एवढं मला कळत होतं.

गेल्या वैशाखात पोचूच्या जिभेला कर्करोग निघाला. तंबाखूचा खर्रा त्याला कधी सुटला नव्हता. त्यानं मला बोलावून घेतलं. शब्द तेव्हाच जड येत होते. "गुरुजी, परवा भरती व्हाचं हाय. जीभ कापतेत म्हनते. त्याच्या आंधी सुकल्याले आना."

सुकलू आला, कसा ते त्यालाच ठाऊक. दाराशीच थांबला.

"बस, सुकल्या."

"उभा बरा हाय."

"मंग उभ्यानं आयक. परवापासून मले बोलता नाई येनार. काई इचाराचं असन त आज इचार."

सुकलूनं बराच वेळ दाराची चौकट धरून ठेवली. "तेच इचारतो. तिनं मले आवाज देल्ला का?"

"नाई."

सुकलू माझ्याकडे वळला. "पाहा गुरुजी. तेच बोलून राह्यला."

"तेच झालं, त दुसरं काय बोलू?" पोचूला धाप लागली. तो थांबून पुन्हा बोलला. "सांजच्याला दोन घोट पेज पेली. तुह्या वहिनीच्या मांडीवर झोपली. झुंजूरका पाह्यलं त आंग थंड. फोनवर म्या खोटं बोल्लो, ते कबूल. ताप नव्हता उतरला. मले वाटलं, तुमी येस्तोवर बरी होईन. तेवढं एक माहं खोटं. त्याच्या मागून एक बी नाई." त्यानं तोंड पुसलं. "एकच खोटं बोल्लो रे. तुले पंधरा वरस पुरलं."

वहिनी चार वर्षांपूर्वीच गेली होती. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. सुकलू बाहेर पडला. वाटेत मला म्हणाला, "तुमाले काय वाटते? खरं बोल्ला?"

"पुरावा नाही माझ्याकडे. पण मला तो खरा वाटतो."

"पुरावा नाई, आन म्हने खरा वाटते. मंग एवढी वरसं पोराईले काय शिकवलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं होतं. सुकलू येऊन दोर धरून उभा राहिला. म्हातारा इतवारी पुटपुटला, "आला का बाप्पा, मासोळ्या मोजाले." वाटे मांडले. पोचू पाठ करून उभा राहिला. त्याच्या तोंडून नावं तुटक तुटक येत होती, आम्ही कान देऊन ऐकत होतो. सुकलू वाट्यांसमोर होता. दोन नावं झाली आणि तोही वळला. भावाच्या शेजारी, तलावाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं नाव सगळ्यात शेवटी आलं. पानावर काय आहे हे न बघताच त्यानं वाटा उचलला आणि पोचूच्या घरी नेऊन ठेवला.

पुढचे सदतीस दिवस तो दवाखान्यात भावाजवळ राहिला. पोचू हातवारे करायचा आणि सुकलू त्यातून भलतंच काही समजायचा. पाणी मागितलं तर खिडकी उघडायचा. पोचू कपाळाला हात लावायचा. मी भेटायला गेलो तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "हे दोघं भाऊ दिवसभर भांडतात, एक शब्द न बोलता." अडतिसाव्या दिवशी पोचू गेला.

तेरवी झाल्यावर सुकलू संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्या दिवशी त्यानं गोकुळाला सगळं सांगितलं होतं. पोरगी झोपेत गेली, तिनं हाक मारली नाही, दादा खरं बोलला. तिला धक्का बसेल, असं त्याला वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मले तवाच मालूम होतं," ती म्हणाली. "जाऊबाईनं मले पयल्याच दिवशी सांगतलं. म्या मानलं."

"आन मले काऊन नाई बोल्ली?"

"तुमी कवा इचारलं?"

एवढं सांगून सुकलू ओट्यावरच बसून राहिला. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

"दादावर रागावलो होतो, गुरुजी, ते ठीक," तो म्हणाला. "पन सोनूच्या मायनं पोटात वागवलं होतं पोरीले. एका छपराखाली पंधरा वरस. एकडाव तरी तिले इचाराचं होतं."