धुरपदाबाईंचा झोका

सकाळी साडेसातला माझा एक डोळा दुधावर असतो आणि दुसरा ह्यांच्या डब्यावर. त्या घाईत दारावर थाप पडली. घंटी असताना थाप मारणारी सुरतेच्या आमच्या पांडेसऱ्यात एकच बाई, मागच्या चाळीतल्या धुरपदाबाई.

"मावशी, घंटी दाबायची की!"

"तू दचकशी ना तिन्हा आवाजनी. एक अर्ज लिखी दे माय, गुजरातीमा. बागवाल्याले द्यायना शे."

दूध उतू गेलं ते गेलंच.

धुरपदाबाई मूळच्या अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या आणि तीस वर्षं मिलमध्ये साड्यांना घड्या घातल्या. काम सुटलं, पण हात सुटले नाहीत. अर्ज सांगता सांगता माझे दोरीवरचे सगळे कपडे त्यांनी घडी करून ठेवले, ओला टॉवेलसुद्धा.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. धुरपदाबाईंची योगिता कोसाडला असते, याच शहरात, पण तीन वर्षांत एकाही आखाजीला आली नव्हती. "पत्र्याखाली घाम पुसत बसण्यासाठी येऊ?" असं विचारायची.

"मग मी सांगी टाकं तिले," धुरपदाबाई म्हणाल्या, "बागमा झोका बांधेल शे, ये म्हणे."

"आणि बांधलाय?"

"म्हणून त अर्ज!"

लेक झोक्याच्या भरवशावर येणार आणि झोक्याचा पत्ता नाही. डबा ह्यांच्या हातात दिला आणि आम्ही दोघी महापालिकेच्या बागेत गेलो.

बागेची देखभाल करणारे योगराजभाई पाइप धरून गुलाबांना पाणी घालत होते. अर्ज त्यांनी हातातही घेतला नाही. "बेन, झाडने दोरडुं बांधवानी मनाई छे. हींचका छे ने त्यां."

त्या झोपाळ्यांवर पाटी होती, फक्त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी.

"मी बारानीच शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "बारावरना साठ मोजू नको."

योगराजभाई हसले, पण हो म्हणाले नाहीत. तेव्हा धुरपदाबाईंनी त्यांच्याच भाषेत विचारलं, "भाई, तमारा घरे हींचको छे?"

"छे ज ने! हींचका वगर घर केवुं?"

"मारा घरे पतरां छे. कडी क्यां मारुं?"

खरंच, पत्र्याला झोपाळ्याची कडी कुठे ठोकणार! पाइपाचं पाणी वाफा भरून योगराजभाईंच्या चपलेवर आलं तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, त्या लिंबाच्या फांदीला आधी गोणपाट गुंडाळायचं, साल सोलली नाही पाहिजे. आणि दिवस मावळला की दोर सोडायचा.

आता कापडाच्या सुरतेत राहून दोर विकत कोण आणेल? धुरपदाबाईंच्या मुलाने, गोपालने, मिलमधून कापडाच्या पट्ट्या आणल्या, चाळीतल्या बायकांनी दिवसभर वेणी घातली. हिरवागार, चमकता, मनगटाएवढा दोर झाला. देखणा इतका की कुणी ओढून पाहिलाच नाही.

आखाजीला चार वाजता योगिता आली. नवी साडी, हातात आंबे. पहिला मान तिचा. ती फळीवर बसली, बायकांनी गाणं धरलं, आणि योगिता हळूहळू खाली जायला लागली. गाण्याचं पहिलं कडवं संपेपर्यंत ती अलगद जमिनीला टेकली. पट्ट्या लेगिंगच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या होत्या!

"आई," खाली बसल्या बसल्या योगिता म्हणाली, "झोका म्हणालीस ना? ही तर लिफ्ट आहे!"

धुरपदाबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, आता ही उठून कोसाडची रिक्षा धरणार. पण योगिता पोट धरून हसत होती. सगळ्यांत जास्त हसले योगराजभाई. डोळे पुसत ते बागेतल्या अवजारांच्या खोलीत गेले आणि काथ्याचा जाड दोर घेऊन आले.

मग रांगच लागली. योगिता तीनदा बसली. मीही बसले, कॉलेजनंतर पहिल्यांदा. धुरपदाबाई मात्र पदर खोचून मागे उभ्या, एकेकीला झोका देत. "घट्ट धर वं! तुन्ही सासू नही शे मी, पडू देवाव नही!"

ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं. योगराजभाई दोर सोडायला आले. धुरपदाबाईंनी फळीवर हात ठेवला.

"थांब भाई, एक मिनिट."

त्या फळीवर बसल्या, दोन्ही दोर धरले आणि मागे वळून लेकीला म्हणाल्या, "योगिता, आते माले एक झोका दे."